पहिल्या तीस दिवसांचा आलेख

गुहागरहून माझ्या मावसभावानं परवा एक रील पाठवली. ड्रिल जमिनीत उतरतं, तीन किलोमीटर खाली आडवं वळतं, निळ्या भेगा फुटतात आणि बाजूचा आलेख रॉकेटसारखा वर जातो. खाली ओळ : ‘अमेरिकेनं दगडातून तेल काढलं, आपण कधी?’ आणि त्याचा मेसेज, ‘दादा, तू हेच करायचास ना?’

हेच करायचो. पश्चिम टेक्सासच्या मिडलंडमध्ये तीन वर्षं मी फ्रॅकिंगच्या पंपिंग क्रूवर इंजिनिअर होतो. रील खोटी नाही. ती मध्येच तोडलेली आहे, आणि नेमकी कुठे तोडायची हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण तो उद्योग मी स्वतः केलाय.

आधी तंत्राचं श्रेय तंत्राला देऊ. शेल नावाच्या खडकात तेल असतं, पण त्याची छिद्रं इतकी बारीक की नुसती विहीर खणून थेंब मिळत नाही. पाट्यावर तेल ओतून ते खालून ठिबकायची वाट बघावी, तसं. म्हणून आडव्या विहिरीच्या पोलादी केसिंगला टप्प्याटप्प्यानं स्फोटकांनी भोकं पाडायची आणि रांगेत उभ्या केलेल्या पंप ट्रकांनी वाळूमिश्रित पाणी आत ढकलायचं. दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तीनशेपट. दगड तडकतो. पंप थांबले की भेग मिटायला बघते, वाळूचे कण तिला मिटू देत नाहीत आणि त्या फटीतून तेल वाहायला लागतं. १९४७मध्ये कॅन्ससच्या ह्युगोटन क्षेत्रातला पहिला प्रयोग फसला होता. १९९८च्या सुमारास जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये दाट जेलऐवजी पातळ पाणी वापरून पाहिलं, पुढे त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली, आणि २००८मध्ये दिवसाला सुमारे ५० लाख बॅरल असलेलं अमेरिकेचं कच्च्या तेलाचं उत्पादन २०२३मध्ये १ कोटी २९ लाखांवर गेलं. याला मी थोतांड म्हणणार नाही.

माझं भांडण आहे ते ‘विहिरीचं उत्पादन वाढतं’ या वाक्यातल्या क्रियापदाशी. वाढतं म्हणजे कधीपर्यंत? भेगांच्या आसपासचं तेल पटकन निघून येतं, लांबचं तेल दगडातून सरकत नाही. शेलच्या बहुतेक विहिरींचं उत्पादन पहिल्या वर्षातच साधारण दोन तृतीयांशानं कोसळतं. बॉम्बे हायला १९७४मध्ये तेल सापडलं, १९७६पासून ते निघतंय आणि अजून निघतंय. शेलमध्ये मात्र कालचा आकडा टिकवायलाच उद्या नवी विहीर लागते. थांबलात की घसरलात. म्हणजे आपण विकत होतो ती घाई, आणि बिलावर लिहीत होतो ‘वाढ’.

आमच्या कंपनीला पैसे मिळायचे ते फोडलेल्या टप्प्यांचे. निघालेल्या बॅरलचे नव्हेत. त्यामुळे तेराव्या महिन्यात विहिरीचं काय होतं याच्याशी आमच्या पगाराचा काही संबंध नव्हता. गुंतवणूकदारांसाठीच्या एका सादरीकरणात मी तीन वर्षांचा आलेख लावला होता. वरिष्ठांनी तो शांतपणे बघितला आणि म्हणाले, ‘पहिले तीस दिवस पुरेत.’ मी उरलेले महिने पुसले. धंद्यात या तीस दिवसांच्या आकड्याला चांगलं भारदस्त नाव आहे, ‘आयपी-थर्टी’. नाव असलं की लपवाछपवीलाही इभ्रत येते.

फ्रॅकिंगला विरोध करणारी मंडळीही मला पूर्ण पटत नाहीत, हेही सांगून टाकतो. त्यांच्या व्हिडिओत नळाला आग लागलेली असते. तसं झालं तर दोष बऱ्याचदा केसिंगभोवतीच्या कच्च्या सिमेंटचा असतो. खरी गोष्ट कॅमेऱ्यात न मावणारी आहे : पाणी. एका मोठ्या विहिरीला चार-पाच कोटी लिटर पाणी सहज लागतं, आणि मिडलंडला आपल्या माणदेशाहूनही कमी पाऊस पडतो. शिवाय तिथे तेलाच्या एका बॅरलमागे तीन-चार बॅरल खारट पाणी वर येतं. ते कुणाला नको असतं, म्हणून दुसऱ्या विहिरींतून परत जमिनीत कोंबतात. अशा पाण्यानं जुने भूस्तरभंग सरकतात. ओक्लाहोमात पूर्वी तीन रिश्टरवरचे भूकंप वर्षाला एक-दोन व्हायचे. २०१५ या एका वर्षात ते नऊशेवर झाले. २०१६मध्ये पॉनी गावाजवळ ५.८चा धक्का बसला. टेक्सासमध्ये तेलावर देखरेख करणाऱ्या खात्याचं नाव ‘रेलरोड कमिशन’ आहे (हसू नका, खरंच आहे). त्या खात्यालाही २०२१च्या अखेरीस मिडलंडजवळच्या एका पट्ट्यात खोलवर पाणी सोडणं थांबवावं लागलं. भूकंपात तडकलेल्या भिंतींचा खर्च मात्र विहिरीच्या हिशोबात कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

आपल्या इकडेही या हिशोबाची एक वही आहे. वाळू तरंगत ठेवणारं दाट जेल बनतं गवारीच्या बियांपासून. हो, तीच आपली भाजीतली गवार. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते आणि त्यातली बहुतेक राजस्थानात. शेलच्या लाटेत भाव असा भडकला की मार्च २०१२मध्ये गवारीचा वायदेबाजार बंद करावा लागला. शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात जिथे जागा मिळेल तिथे गवार पेरली. मग भाव पडला, तिकडे कंपन्या स्वस्त पातळ पाण्याकडे वळल्या, २०१४मध्ये तेलही कोसळलं. ह्यूस्टनमधल्या कुणालाही या शेतकऱ्यांच्या आलेखाचं सादरीकरण करावं लागलं नाही.

आता ‘आपण कधी?’बद्दल. २०१३मध्ये गुजरातेत जंबुसरजवळ ओएनजीसीनं शेल वायूसाठी विहीर खणली. व्यापारी उत्पादन काही उभं राहिलं नाही. तरी कुणीतरी पुन्हा येईल, चकचकीत आलेख घेऊन. त्याला छत्तिसाव्या महिन्याचा आकडा मागा. पाणी कुठून आणणार आणि खारं पाणी कुठे सोडणार, ते लिहून मागा. अमेरिकेत २००५च्या कायद्यानं फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण कायद्यातून जवळजवळ सूट मिळाली. इथे तशी सूट मागणारा पहिला माणूस कोण आहे, तेवढं बघून ठेवा.

अमेरिकेतला वायू जहाजानं येतो ते दाभोळचं टर्मिनल माझ्या भावाच्याच तालुक्यात आहे, २०१८पासून तिथे तो उतरतोय. त्यामुळे त्याला उत्तर देणं भाग होतं. वहीच्या पानावर पूर्ण छत्तीस महिन्यांचा आलेख पेनानं काढला आणि फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं : ‘दादा, फोटो उलटा आलाय बहुतेक.’