पथ्यातला भात आणि घरातला भात

ग्रहणी, अतिसार किंवा जीर्णज्वराच्या रुग्णास पथ्य लिहून देताना आपण सारेच ‘जुन्या तांदळाचा ताजा, मऊ भात’ असे लिहितो आणि त्याखाली ‘शिळे वर्ज्य’ अशी ओळ जोडतो. दोन्ही आदेश शास्त्राधारित आहेत, याविषयी मतभेद नाही. परंतु ते ज्या स्वयंपाकघरात पाळले जावयाचे, त्या स्वयंपाकघराकडे आपले लक्ष कमी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ‘भात’ या शब्दाचाच विचार करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 27 व्या अध्यायात जो ओदन लघु म्हणून सांगितला आहे, तो नीट धुतलेला, पेज काढून टाकलेला, चांगला शिजलेला आणि गरम असा आहे. याउलट असलेला ओदन गुरू. पातेल्यात भरपूर आधण ठेवून भात वेळण्याची रीत घरोघरी होती, तोवर हे वेगळे सांगावे लागत नव्हते. कुकर आला आणि वेळणे गेले. निरोगी माणसाने कुकरचा भात खुशाल खावा. मंदाग्नीच्या रुग्णास मात्र ‘भात खा’ एवढे सांगून भागत नाही, ‘वेळून खा’ असे सांगावे लागते. ब जीवनसत्त्वांचा बराच अंश पेजेबरोबर जातो. तेव्हा ती मोरीत न ओतता मीठ-जिरे घालून वेगळी घेण्यास सुचवावे.

आता ‘शिळे वर्ज्य’. रात्री उरलेला भात कुकरमध्येच ओट्यावर ठेवला आणि सकाळी फोडणीस टाकला, किंवा जेवणे होताच तो शीतकपाटात गेला, या दोन्ही भातांना आपण एकच नाव देतो. त्यांतील धोका मात्र सारखा नाही. बॅसिलस सीरिअस या जंतूचे बीजाणू कच्च्या तांदळात असतात आणि शिजवल्यानेही ते सर्व मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्यापैकी काही विष निर्माण करतात. हे विष खाल्ल्यापासून साधारण एक ते सहा तासांत छर्दि उत्पन्न करते. महत्त्वाची गोष्ट अशी, की खरपूस फोडणी देऊनही ते नष्ट होत नाही. भात पुन्हा गरम केला की निर्दोष झाला, ही गृहिणींची समजूत येथे घात करते.

अष्टांगहृदयातील मात्राशितीय अध्यायात पुन्हा गरम केलेले अन्न त्याज्य सांगितले आहे. याचा दाखला देऊन आचार्यांना जंतुशास्त्र अवगत होते असा दावा करण्याचा मोह काहींना होतो. त्याची गरज नाही. निरीक्षण अचूक होते, एवढे पुरेसे आहे.

सकाळी सात वाजता डबे घेऊन बाहेर पडणाऱ्या घरास ‘दोन्ही वेळा ताजे’ हा आदेश झेपत नाही, आणि न झेपणारा आदेश रुग्ण निमूटपणे गुंडाळून ठेवतो. म्हणून बालके, गर्भिणी, वृद्ध व मंदाग्नीचे रुग्ण यांच्यासाठी ताज्या भाताचा आग्रह कायम ठेवावा. इतरांस असे सांगावे की उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा, उथळ डब्यात भरून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. गरम करावयाचा तो एकदाच, वाफा येईपर्यंत. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकूनच द्यावा. वास बरा येतो म्हणून ठेवू नये. आंबवलेल्या भाताचे गोडवे हल्ली फार गायिले जातात. परंतु कांजी हे विधिपूर्वक केलेले संधान आहे. कुकरात विसरलेला भात म्हणजे संधान नव्हे.

याहून गंभीर मुद्दा कच्च्या तांदळाचा आहे, आणि तो आपल्याच सल्ल्यातून उद्भवतो. वर्षभर जुने धान्य लघु, म्हणून आपण जुना तांदूळ सांगतो. कुटुंब वर्षाची भरती करते. पूर्वी कणगीत भात साठवला जाई तो तुसासकट, आणि लागेल तसा कांडला जाई. तूसच त्याचे रक्षण करी. आज आपण साठवतो तो सडलेला, पांढराशुभ्र तांदूळ. त्यास सोंडे लागतात, जाळी होते, आणि मग घरात बोरिक पावडर येते, पाऱ्याच्या टिकड्या येतात. या टिकड्या काही औषधी दुकानांतूनही विकल्या जातात, ही आम्हांस अत्यंत खेदाची गोष्ट वाटते. अशोधित पारद हे विष आहे, असे आपले रसशास्त्रच सांगते. तोच पारद पुरचुंडीत बांधून रोजच्या अन्नात ठेवावयास द्यावयाचा, आणि तो लहान मुलाच्या हाती पडणार नाही असे गृहीत धरावयाचे? ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी तर बोलावयासच नको. त्यांच्या वायूवर उतारा नाही.

तांदूळ महिन्यापुरताच घ्यावा, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवावा. जुना न मिळाल्यास भाजून शिजवावा. भाजलेल्या तांदळाचा ओदन चरकानेही सांगितला आहे. औषधी दुकानांच्या चालकबंधूंस आमची विनंती एवढीच, की पाऱ्याच्या टिकड्यांची बरणी या तिमाहीतच फळीवरून खाली उतरवावी, आणि कोणी मागावयास आलेच तर त्यास कडुनिंबाच्या पाल्याची पुडी द्यावी.