भिंत रंगली, पण खाली माती?

हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड बघायला हिंजवडीत पाहुण्या येतात. हमखास विचारतात, ‘‘तुमची शेतं कुठली हो?’’ आमच्या शेजारच्या आजी हात करतात, ‘‘त्या काचेच्या इमारतीखाली.’’ १९९० च्या दशकाअखेरीपासून आयटी पार्कसाठी जमिनी गेल्या. पैसा आला, मजले चढले. आजींच्या हातचं काम गेलं, ते कुणी हिशेबातच धरलं नाही.

हल्ली स्वच्छतेच्या स्पर्धा आल्या की भिंती रंगतात. मोर, झाडं, सुविचार. वर्षभरात मोरावर पानाची पिचकारी आणि खाली कचरा! पुण्यात हर्षवर्धन कदम या चित्रकारानं २०१२ मध्ये कसबा पेठेतल्या भिंती रंगवायला घेतल्या, ते काम वेगळं. पण नुसत्या रंगाची राखण कोण करणार? भाजीची मात्र होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये बाग सुरू केली. तिथला ओला कचरा तिथंच मातीत जिरला आणि त्यावर भाज्या-फळं आली.

या दोन्हींची सांगड घालावी, असं बऱ्याच जणी सुचवतात. अमेरिकेतल्या डेट्रॉईटचं उदाहरण देतात. मोटारींचं शहर, आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकणसारखं. कारखाने बसले, वस्त्या ओस पडल्या. टायरी गायटन यांनी १९८६ पासून हायडेलबर्ग रस्त्यावरची पडकी घरं रंगवली, टाकाऊ वस्तूंनी सजवली. शहरातल्या रिकाम्या जागांवर इतरांनी भाजी लावली. पण तिथं जागा होती, माणसं नव्हती. इथं माणसं उदंड, जागा वीतभर. ती नक्कल इथं चालायची नाही.

मग उरते अंगणवाडीची, शाळेची, सोसायटीची भिंत आणि तिच्या आतली पट्टी. रस्त्याकडेला पालेभाजी नकोच, धूर-धूळ सगळी पानांवर बसते. पाणी टँकरचं, तेव्हा भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत धरायला हवं. आणि खरी मेख पुढेच आहे. उद्घाटनाला फोटो सगळ्यांचे, मे महिन्यात पाणी घालणार कोण? माझं मत स्पष्ट आहे. रंगाला पैसे मिळतात, तसे राखणीलाही मिळावेत, आणि ते काम जमीन गेलेल्या घरांतल्या बायकांना आधी द्यावं. फुकटची ‘समाजसेवा’ बायकांच्याच गळ्यात का?

परवा अंगणवाडीच्या भिंतीवर काय काढायचं, यावर आमची चर्चा रंगली होती. बगाड, भातलावणी, बैलजोडी. आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘‘काढा काय काढायचं ते. त्या कोपऱ्यात मात्र रंग नको, तिथं मी दुधी चढवणारे.’’