आधी घर, मग हातोडा

गिरगाव, भुलेश्वर, डोंगरीतल्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की पहिला आकडा चटईक्षेत्राचा येतो. बिऱ्हाड उद्या कुठे जाणार, हे शेवटी विचारले जाते. ही सवय सव्वाशे वर्षांची आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला. दाट वस्ती हेच रोगाचे घर, असे सरकारने ठरवले आणि 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने नागपाड्यात पाडकाम केले, दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. रस्ते उत्तम झाले; ते नसते तर आजची मुंबई चालली नसती. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या फार कमी होत्या. रोजगार बाजारात आणि गोदीत, त्यामुळे लांब जाणे माणसांना परवडत नव्हते. ती शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत शिरली. तिथे भाडी चढली आणि दाटी आणखी वाढली, म्हणजे जिच्याविरुद्ध ही मोहीम होती तीच. ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळींचे मोल मात्र मानलेच पाहिजे. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशके राहिले.

1947 च्या कायद्याने भाडी गोठली आणि मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. 1969 च्या कायद्याने उपकर लावून 19,642 इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे दिली. तेव्हापासून कित्येक इमारती टेकूंवर उभ्या आहेत.

आणि घर रिकामे करणाऱ्यांचे काय झाले? संक्रमण शिबिरात तात्पुरते म्हणून गेलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या तिथेच वाढल्या. रहिवासी हट्टी आहेत असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून 33 जण मेले. ती पुनर्विकास प्रकल्पातच होती, तरी काही कुटुंबे आत राहत होती. धोका कळत असूनही माणूस खोली सोडत नाही, कारण परत येण्याची हमी त्याला कुणीच देत नाही.

म्हणून पाडकामाच्या परवानगीला एकच अट हवी: त्याच वॉर्डात पर्यायी घराची किल्ली आणि परतीच्या तारखेचा नोंदणीकृत करार प्रत्येक भाडेकरूच्या हातात पडल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. तारीख चुकली तर दंड विकासकाने भरावा, आणि प्रकल्प सरकारी असेल तर सरकारने.