दुकानाचा उंबरठा आणि हाताची मर्यादा



आपल्या खेड्यांतील कितीतरी मुले पणजी, बेळगाव, वडोदरा, हैदराबाद अशा शहरांत दुकानांतून नोकरीस आहेत. रात्री दुकान बंद करण्याच्या वेळी एखादे गिऱ्हाईक पिऊन येते, शिवीगाळ करते आणि ‘बाहेर व्हा’ म्हटले तरी हलत नाही. अशा वेळी नोकराने हात उचलावा काय? उचलल्यास कोठवर?

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले. या विषयातील तत्त्व मात्र बहुतांशी तेच राहिले. दुकान सर्वांस खुले असल्याने आत येणे हा गुन्हा नव्हे. परंतु रीतसर आत आलेला मनुष्य धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने बेकायदा तेथेच राहिला, तर कलम ३२९ प्रमाणे ते अतिक्रमण ठरते. केवळ भावाबद्दल हुज्जत घालणारे गिऱ्हाईक या सदरात येत नाही, हे ध्यानात असावे.

कलम ३५ प्रमाणे प्रत्येकास स्वतःच्या व दुसऱ्याच्याही देहाचे आणि मालाचे रक्षण करता येते. म्हणून मालकाचा गल्ला राखण्याचा हक्क नोकरासही आहे. समोरचा दारूच्या नशेत आहे, एवढ्याने तो हक्क कमी होत नाही.

तथापि या हक्कास कुंपण आहे. कलम ३७ सांगते की, पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बळ वापरायचे ते रक्षणास लागेल तेवढेच. अतिक्रमण करणाऱ्यास बखोट धरून दाराबाहेर काढणे एक. तो बाहेर पडल्यावर रस्त्यात गाठून बडवणे दुसरे. अतिक्रमण संपले की त्याविरुद्धचा हक्कही संपतो. पुढचा प्रत्येक तडाखा मारणाऱ्याच्याच अंगावर गुन्हा म्हणून येतो. नुसत्या संशयावरून कोणास मागील खोलीत कोंडणे हेही बेकायदा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मालाच्या रक्षणासाठी प्राण घेण्याची मुभा फारच थोड्या प्रसंगी आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, आग लावणे, अथवा ज्या चोरीत वा गृह-अतिक्रमणात मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटते ती. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातही घर फोडणाऱ्या चोराविषयी सूर्य उगवण्यापूर्वीचा आणि नंतरचा असा भेद केलेला आहे. उजेडात मनुष्य ओळखता येतो, हाक मारता येते; मग जीव घेण्यास सबब उरत नाही.

म्हणून नोकरी करणाऱ्या मुलांना घरच्यांनी एवढे शिकवावे: प्रथम शांतपणे, साक्षीदारांदेखत बाहेर जाण्यास सांगावे; मग ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे; अंगावर कोणी धावून आल्यासच हात आडवा घालावा. आणि दुकानदार बंधूंनो, रात्रीच्या वेळी एकट्या पोराच्या भरवशावर दुकान सोडू नका. गेलेला माल त्याच्या पगारातून कापण्याचा धाकही घालू नका. त्या धाकापायीच तो नको तेथे हात उचलतो. साखरेचे पोते पुन्हा भरता येते. पोराचा मोडलेला हात, किंवा त्याच्या हातून गेलेला जीव, कोणत्या वहीत जमा धराल?