छर्‍याची बंदूक आणि घरगुती दुरुस्ती

जत्रेत फुगे फोडणारी छर्‍याची बंदूक महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे याच जातीच्या, पण कितीतरी महागड्या, रायफलीने जगज्जेता झाला. ती किंमत ज्यांना झेपत नाही अशी हौशी मंडळी जुनी बंदूक विकत घेतात आणि छर्रा जेमतेम लक्ष्यापर्यंत पोहोचतो असे दिसताच ती घरीच खोलतात. यात निंद्य असे काही नाही. जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे हा आपल्याकडील शहाण्या संसाराचा भागच होता. चिंता वाटते ती अज्ञानाची.

शक्ती घटली की सारा दोष स्प्रिंगवर ढकलला जातो. वस्तुतः पुष्कळदा दट्ट्यावरचा चामडी वॉशर कोरडा पडलेला असतो किंवा नळीच्या बुडाशी असलेला वॉशर झिजून हवा निसटत असते. छर्रा भरून, बंदूक निर्धोक दिशेला धरून व नळीच्या सांध्यावर पातळ कागदाचा कपटा ठेवून चाप ओढावा. कपटा उडाला, तर दोष तेथेच आहे. तो वॉशर बदलणे कोणालाही जमेल. परंतु शिलाई यंत्राचे तेल आत ओतण्याची सवय घातक आहे. डिझेल इंजिनात घडते तेच येथे घडते आणि दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने ते तेल पेटते.

त्याहून मोठा धोका स्प्रिंगचा. बंदूक ताणलेली नसतानाही ती आत काही अंशी दबलेलीच असते. क्लॅम्पचा आधार न देता मागचे बूच सोडणार्‍याच्या तोंडावर ती सुटू शकते. चाप हलका व्हावा म्हणून खटका कानशीने घासणे तर निव्वळ अविचार. छर्रा भरतानाच खटका निसटला, तर नळी फटकन मिटून बोटे सापडतात. आणि ‘अधिक जोरकस स्प्रिंग घाला’ हा मित्रमंडळींचा आवडता सल्ला ऐकण्यापूर्वी २०१६ चे शस्त्र नियम पाहावेत: शक्ती २० ज्यूलपलीकडे गेली की परवाना लागतो.

मग घरगुती दुरुस्तीवर बंदीच का घालू नये, असे कोणी म्हणेल. अशा बंदीने बंदुका खोलण्याचे थांबणार नाही. त्या गुपचूप खोलल्या जातील, इतकेच. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’ची भाषा सुरू केली, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने यांचा विचार झाला. या किरकोळ वस्तूची आठवण कोणास होणार? पण सुट्या भागांची मराठी आकृती, वॉशरांचा एक जोड आणि स्प्रिंग दाबण्याच्या क्लॅम्पची मापे बंदुकीच्या खोक्यात घालण्यास उत्पादकांना कायद्याची वाट पाहण्याचे कारण काय?