फ्रँक ब्राइसचा गुन्हा काय?

आमच्या वस्तीतील वाचनालयात हॅरी पॉटरची पुस्तके आली तेव्हा काही जुन्या कार्यकर्त्यांनी नाके मुरडली. बुवाबाजीविरुद्ध हयात घालवली आणि आता मुलांच्या हाती जादूची पुस्तके देता काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नाही. तरीही आमचे म्हणणे असे की ही पुस्तके मुलांनी जरूर वाचावीत. फक्त ती जादूगाराच्या खुर्चीवरून न वाचता सामान्य माणसाच्या ओट्यावर बसून वाचावीत.

जे. के. रोलिंग यांच्या या मालिकेचा पहिला भाग १९९७ साली आला, सातवा व शेवटचा २००७ साली. त्या जगात जादू येणारे मूठभर आणि न येणारे असंख्य. न येणाऱ्यांना जादूगार ‘मगल’ म्हणतात. हे नाव मगलांनी स्वतः घेतलेले नाही, बहुतेकांना ते ठाऊकसुद्धा नाही. दुसऱ्याला नाव ठेवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. जादूगारांच्या आतही रक्ताची उतरंड आहेच. शुद्ध रक्ताचे वर, मिश्र रक्ताचे त्याखाली, मगलांच्या पोटी जन्मलेले त्याहून खाली, आणि त्यांच्यासाठी खास शिवी! लेखिका या रक्तशुद्धीच्या बाजूने नाही. दातांचे डॉक्टर असलेल्या मगल आईबापांची हर्मायनी तिने वर्गात सर्वांत हुशार दाखवली, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

पण उतरंडीत ज्यांना जागाच नाही, त्या सामान्य माणसांचे काय? ती जादूगारांकडे कशी पाहतात? खरे उत्तर असे की त्यांना पाहूच दिले जात नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जादूगारांनी आपले अस्तित्व लपवण्याचा कायदा केला. चुकून कोणी काही पाहिलेच तर मंत्र टाकून त्याची आठवण पुसायची. चौथ्या भागात जादूगारांचा मेळा भरतो. तिथे तंबूंचे भाडे घेणाऱ्या रॉबर्ट्सची आठवण दिवसातून दहादा पुसावी लागते, असे एक अधिकारी सहज सांगून जातो. त्याच रात्री बुरखेधारी जादूगार रॉबर्ट्सला बायकामुलांसह हवेत लटकावून मजा पाहतात. सकाळी तोच रॉबर्ट्स भर उन्हाळ्यात भ्रमिष्टासारखा नाताळच्या शुभेच्छा देत उभा! त्याच्यावर अत्याचार झाला आणि झाल्याची आठवणही त्याच्याकडे उरली नाही. मग तक्रार कोणी करायची?

याच भागाच्या पहिल्या प्रकरणात फ्रँक ब्राइस भेटतो. युद्धातून एक पाय अधू होऊन परतलेला, रिडल नावाच्या श्रीमंत घराण्याचा माळी. एके दिवशी रिडल कुटुंबातील तिघे वाड्यात मेलेले सापडतात. गावाने ठरवून टाकले की हे काम फ्रँकचेच. कारण काय? तो एकटा राहतो, कोणात मिसळत नाही, वाड्याची किल्ली त्याच्याकडे आहे. पोलिसांनी त्याला धरले. प्रेतांवर विषाची वा जखमेची खूण सापडली नाही म्हणून सोडले. गावाने मात्र त्याला पन्नास वर्षे सोडले नाही. पोरे त्याने मेहनतीने राखलेल्या हिरवळीवरून सायकली घालत राहिली.

खून केला होता एका जादूगाराने. आणि सहाव्या भागात (२००५) जे कळते ते अधिक संतापजनक आहे. हा जादूगाराचा खून आहे हे त्यांच्या मंत्रालयाला त्याच वेळी ठाऊक होते. त्यांनी त्यासाठी एकाला तुरुंगातही टाकले. भलत्याच माणसाला टाकले हा भाग वेगळा. पण माळी निर्दोष आहे हे त्यांच्या दप्तरात नोंदलेले असूनही गावाला ते कोणी सांगितले नाही. कायदा गुप्ततेचा होता ना!

सत्ता लपलेली असली की सामान्यांचा संशय तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तो शेजारच्या दुबळ्यावर जाऊन पडतो. तिसऱ्या भागात गमतीने सांगितले आहे की खरे जादूगार आगीत टाकले तरी जळत नसत, मंत्राने ज्वाळा थंड करून ओरडण्याचे नुसते सोंग करीत. मग जळले कोण? प्रत्यक्ष युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकाच्या आरोपाखाली चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. जादू त्यांतल्या एकीलाही येत नव्हती.

आपल्याकडे वेगळे काय आहे? सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला ‘डाकीण’ ठरवून मारल्याच्या बातम्या आपण वाचत आलो. मूल तापाने दगावते. दवाखाना दूर, डॉक्टर जागेवर नाही, पाणी घाण. हे कोणाच्या दप्तरात असेलही, पण पाड्याला ते कोणी सांगत नाही. मग बोट वळते एकट्या बाईकडे. जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडले, आणि तेही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यावर.

फ्रँकचा शेवट काय होतो? वाड्यात रात्री उजेड दिसतो म्हणून सत्त्याहत्तरीला टेकलेला हा म्हातारा काठी टेकत जाऊन पाहतो. समोर तोच खुनी. फ्रँक पळत नाही. माणसासारखा समोर ये, असे तो त्याला सुनावतो आणि मारला जातो. तो खरोखरच जादूगार होता, हे फ्रँकला मेल्यानंतर कळते. तेव्हा त्याची सावली हॅरीला लढण्यास सांगते.

आमच्या वाचनालयातल्या सगळ्या मुलांना हॅरी व्हायचे आहे. होऊ द्या. आम्ही त्यांना फक्त इतकेच विचारणार आहोत की फ्रँक निर्दोष असल्याचा कागद पन्नास वर्षे कपाटात पडून होता. तो बाहेर काढायला तुमच्यापैकी कोण गेले असते?