बिचारा 7805

"ताई, तू इंजिनिअर होणार ना? मग हा गेम नीट करून दे की!" दिवाळीत जिंतूर तालुक्यात मामाकडे गेले, तर मामेभावाने कॅसेटवाला जुना व्हिडिओ गेम माझ्या मांडीवर आणून ठेवला. निन्टेन्डोने 1983 साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची ही स्वस्तातली नक्कल. आत आपला ओळखीचा 7805, तीन पायांचा, 5 व्होल्ट देणारा.

संध्याकाळी चित्र थरथरायचं आणि गेम आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचा. आउटपुट मोजलं, साडेचार व्होल्ट. झालं! मी ऐटीत जाहीर केलं, "रेग्युलेटर गेला." परभणीला आणून नवा बसवला, दोन तास खेळले (टेस्टिंग म्हणून हं!), एकदम ओके. परत पाठवला. दुसऱ्याच दिवशी फोन, "ताई, तेच होतंय."

खरं सांगते, लाज वाटली. पुन्हा गेले तेव्हा मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "दिवसा तर चांगला चालतो की गं. सांजच्याला शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की बिघडतो."

मग इनपुट मोजलं, जे पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं. प्लगला 230 ऐवजी 165 व्होल्ट! गेमचा ॲडॅप्टर साध्या ट्रान्सफॉर्मरचा, त्यामुळे त्याचे 9 व्होल्टही त्याच प्रमाणात उतरून साडेसहाच्या आसपास. 7805 ला 5 द्यायचे तर वर साधारण 2 व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे निदान 7. मामीला हे कसं सांगणार? माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये. शेवटी म्हटलं, "तो उपाशी आहे गं." तिला लगेच कळलं.

शेजारच्या प्लगवर मोबाईल मात्र मजेत चार्ज होत होता. त्याच्या चार्जरवर 100-240 लिहिलेलं! तसाच स्विचिंगवाला 9 व्होल्टचा ॲडॅप्टर आणला. त्याच्या पिनचं प्लस-मायनस गेमच्या उलट होतं, ते आधी बदललं (नाहीतर बोर्डच जळायचा). त्या रात्री दहापर्यंत गेम चालला.

आता माझा मुद्दा. आपल्या लॅबमध्ये 7805 चं प्रॅक्टिकल कसं होतं? सप्लाय 12 वर ठेवा, आउटपुट 5.01 लिहा, ग्राफ काढा, सही घ्या. तिथे रेग्युलेटर कधी उपाशी राहतच नाही. आउटपुट शॉर्ट झाल्यावर तो तापून स्वतःच कसा बंद होतो, हेही कुणी दाखवत नाही. व्हायव्हात मला 'ड्रॉपआऊट व्होल्टेज'ची व्याख्या विचारली होती. मी घडाघडा म्हटली, पूर्ण मार्क! आणि तोच बिघाड समोर आला तेव्हा ओळखता आला नाही.

म्हणून डिपार्टमेंटला विनंती, परीक्षेत भंगारातली बंद बोर्डं द्या, बिघाड शोधायला सांगा. पहिल्या वर्षी निम्मी मुलं नापास होतील, त्यात मीही असेन. चालेल. सुरुवातीला सप्लाय 6 व्होल्टवर ठेवून एक प्रॅक्टिकल घ्या. चिप विकत आणायला नको. मी विनाकारण काढलेला तो 7805 अजून माझ्या कंपासमध्ये आहे, आणि अगदी ठणठणीत आहे.